पहिलं बोट मधाचं

३ जानेवारी, देगलूर

नगरपालिकेच्या घंटागाडीविरुद्धची तक्रार इथे नोंदवून ठेवतो, कारण नगरपालिका ती नोंदवून घेत नाही. सकाळी चहाचा कप घेऊन लिहायला बसावं, पहिलं वाक्य कसंबसं उंबरठ्यापर्यंत यावं, आणि गल्लीच्या तोंडाशी भोंगा सुरू व्हावा. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, हे ज्ञान मला रोज ढोलकीच्या साथीने दिलं जातं. नाद हे ब्रह्म आहे असं एम.ए.ला आम्हाला शिकवलं होतं. ज्यांनी हा शोध लावला त्यांच्या गल्लीत कचरा उचलायला कोणी येत नसावं. दोन अर्ज देऊन झाले. गाडीवरचा लखन मला आता मुद्दाम हात करतो.

ऋतुजा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. तिला या प्रकरणात माझ्याविषयी काडीची सहानुभूती नाही. आज गाडी आली तशी पोटाला हात लावून म्हणाली, "आई, बघ बघ, गाडी आली की लाथ मारतंय हे." सिंधूने हात ठेवून पाहिला, मान डोलावली आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "तुमच्यावरच चाललंय. आत्तापासूनच चिडतंय."

घराण्यात एक तरी रसिक जन्माला येणार म्हणायचा.

५ जानेवारी

आक्का आली. माझी थोरली बहीण रुक्मिणबाई. शिरूर अनंतपाळजवळच्या आमच्या गावाहून, एसटी बदलत बदलत, डिंक, अळीव, बाळंतशेपा, ओवा आणि घरच्या तुपाची किटली घेऊन. आई गेल्यावर मला हिनेच वाढवलं. त्यामुळे माझ्या घरात तिच्याविरुद्ध बोलायचा मला पूर्ण अधिकार आहे. तो मी कधी वापरलेला नाही.

आल्या आल्या खरवस झाला. शेजारच्या विठाबाईची म्हैस काल व्याली, वगार झाली, आणि विठाबाईने तांब्याभर चीक आणून दिला. चीक विकायचा नसतो, वाटायचा असतो, हा आमच्याकडचा शिरस्ता. आक्काने तांब्या हातात घेण्याआधी विचारलं, "वगारीला पाजलं का गं आधी?"

"हाव, पाजलं की. तिचं पोट भरल्याबगर कासंला हात लावतंय का कोणी?"

"मंग बरं. पहिला चीक पोटात न्हाई गेला तर जनावर जीव धरत न्हाई."

गूळ, वेलदोडा, वर किसलेलं जायफळ. मी दोनदा वाढून घेतला. नांदेडच्या पेपरातल्या माझ्या गुरुवारच्या सदराला विषय मिळाला: खरवस आणि संस्कृती.

ऋतुजा आत्याला म्हणाली, "आत्या, अण्णांनी ऑगस्टात माणसाच्या चिकावर लिहिलं होतं. आईचं पहिलं पिवळं दूध बाळाला लगेच पाजावं म्हणून. आरोग्य खात्यानं प्रमाणपत्र दिलंय, ते बघा." आक्काने भिंतीकडे पाहिलं आणि फ्रेम चांगली आहे म्हणाली.

खरं सांगायचं तर लेख आरोग्य खात्याच्या पत्रकावरून उतरवलेला. त्यातला 'पीयूष' हा शब्द तेवढा माझा. पण नांदेडहून संपादकांचा फोन आला होता, आणि जावई दयानंद, जो किल्लारीजवळच्या एका शाळेत शिक्षक आहे, त्यानेही फोन करून 'मामा, लई भारी' म्हटलं होतं. जावयाकडून कौतुक मिळणं हे पुरस्काराहून दुर्मीळ.

८ जानेवारी

नात झाली. दुपारी, दवाखान्यात, सुखरूप. अंगाने जरा किरकोळ आहे, पण आवाज खणखणीत. भोंग्याला तोडीस तोड.

रत्नम्मा म्हणून तिथल्या सिस्टर आहेत, बाईंचं निम्मं बोलणं तेलुगूत. त्यांनी बाळ पुसून लगेच ऋतुजाच्या छातीशी दिलं. बाळाने थोडं चाटलं आणि डोळे मिटले. "तासाच्या आत परत लावायचं," रत्नम्मा आक्काकडे बघत म्हणाल्या. "वरचं कायबी नको. मध नको, पाणी नको." आणि पलीकडे दुसरी बाई अडली होती तिकडे पळाल्या.

त्या गेल्या तशी आक्काने कनवटीतून मधाची बाटली काढली. "शेषा, बोट तू चाटव. पहिलं बोट ज्याचं, त्याचे गुण लागतेत. तुझ्यावानी शहाणी निघंल."

आता एवढं ऐकल्यावर माणूस काय करणार. सासऱ्याने दिलेली सोन्याची अंगठी मधात घासली, थोडं तूप, आणि या प्रसंगी जे म्हणायचं असतं ते म्हणत बोट तिच्या ओठांना लावलं. तिने मिटक्या मारल्या. एवढीशी लालचुटुक जीभ. एका बोटाने काही होत नसतं. हे संस्कार वेदकाळापासून चालत आले आहेत आणि आपण सगळे जिवंत आहोत.

ऋतुजाचे डोळे मिटलेले होते. झोपली असावी.

९ जानेवारी

आज घरात प्रथमच माझ्या विद्येचं चीज झालं, म्हणून लिहून ठेवतो.

मी डबा घेऊन गेलो तर आक्का फडक्यावर ऋतुजाचं दूध पिळून काढत होती. घट्ट, हळदीसारखं पिवळं, चिकट. ऋतुजा भिंतीकडे तोंड करून पडलेली. मला बघून म्हणाली, "अण्णा, तुम्ही सांगा आत्याला. तुम्हीच लिहिलंय ना."

आक्का हात न थांबवता म्हणाली, "कागदावरचं येगळं, लेकराचं येगळं. हे नासकं हाय, जड हाय. तिसऱ्या दिवशी पांढरं उतरलं की पाजायचं. तवर साखरपाणी हाय की."

दोघीही माझ्याकडे बघत होत्या. मी ऋतुजाला म्हणालो, "बाई, वार्ताहराचं लिहिणं घरच्यांनी वाचायचं असतं, मानायचं नसतं." आक्का हसली. मग मी जुन्या वैद्यकातलं मत सांगितलं की, प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुधाच्या शिरा मोकळ्या होतात आणि तोवर मध-तूप द्यावं, असं एका पक्षाचं म्हणणं आहे. दुसरा पक्षही आहे हेही सांगणार होतो, पण आक्काने पहिल्यावरच मांडी थोपटली. "बघ, पोथीत बी तसंच हाय. माझा भाऊ उगाच शिकला न्हाई."

साठीला आलेल्या बहिणीने आयुष्यात पहिल्यांदा माझ्या संस्कृतला नाव न ठेवता दाद दिली. चेहरा कुठे लपवावा कळेना, इतका आनंद झाला.

ऋतुजा म्हणाली, "विठाबाईच्या वगारीला तर पाजला ना, अण्णा."

मी म्हणालो, "तू काय म्हैस आहेस का?" सगळे हसले. ती नाही हसली. बाळंतिणीचा स्वभाव चिडका होतो म्हणतात.

फडकं आक्काने मोरीत धुतलं.

११ जानेवारी

मंडळी काल संध्याकाळी घरी आली. दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. विठाबाई बघायला आली, म्हणाली, "लई गरीब पोर हाय. रडतच न्हाई."

खरंच रडत नाही. साखरपाण्यात बुडवलेली कापसाची वात तोंडाला लावली की दोनदा चोखते आणि झोपते. पांढरं दूध उतरलं तशी आज सकाळी आक्काने तिला ऋतुजाकडे पाजायला दिलं, पण दोन घोटांत पेंगली. सकाळी घंटागाडी दारासमोर पंधरा मिनिटं अडकून पडली, समोरून ट्रॅक्टर आला होता. लखनचा भोंगा ऐन भरात. पोरगी गाढ. पापणी हलली नाही.

आजोबांचा संयम उतरलाय, असं मी सिंधूला म्हणालो. बोट माझं होतं ना.

खरवसाचा लेख पाठवला. संपादकांचा उलट निरोप: तोंडाला पाणी सुटलं.

१३ जानेवारी

सिंधू सकाळपासून बाळाला खिडकीशी नेऊन नेऊन बघते आहे. "अहो, जरा पिवळी दिसतीय."

"सोन्याचं चाटण दिलंय, रंग चढणारच," मी म्हणालो.

ती हसली नाही. हल्ली या घरात माझे विनोद एकटेच फिरतात.

आक्काने कोवळ्या उन्हात धरलं. तिचंही तोंड उतरलेलं दिसलं, पण बोलली ती वेगळंच. "ऋतुजा, आमच्या चोरून ते पिवळं पाजलं का गं तू? तेच अंगात भिनलं आसंल."

ऋतुजा म्हणाली, "नाही, आत्या. तुम्ही सगळं पिळलंत."

दुपारी डोळ्यांतलं पांढरंही पिवळं दिसू लागलं. संध्याकाळी पोरगी दुधाला तोंडच लावेना. ओठाला बोट लावलं तरी तोंड उघडलं नाही. त्या दिवशी किती पटकन उघडलं होतं.

१४ जानेवारी, नांदेड

संक्रांत. सकाळीच इथल्या डॉक्टरने नांदेडला न्या म्हणून चिठ्ठी दिली. 

मोठ्या दवाखान्यात बाळाला आत घेतलं. कावीळ फार चढली आहे. डॉक्टर तरुण आहेत, बोलायला चांगले. माझं नाव ऐकून थांबले. "आपण गुरुवारी लिहिता ते शेषेराव ना? आमच्या घरी वाचतात. ऑगस्टमधला तुमचा लेख आम्ही इथे बायकांना वाचून दाखवला होता."

मी नमस्कार केला.

मग ते कागद पुढे ओढून म्हणाले, "पहिल्या दिवसांत वरचं काही दिलं होतं का? मध, पाणी? पहिलं दूध मिळालं का बाळाला?"

लेख त्यांनी नुसता वाचला नव्हता, बायकांना वाचून दाखवला होता. मी माझ्या चपलांकडे बघितलं. सिंधू माझ्याकडे बघत होती हे न बघताही कळत होतं.

ऋतुजा खुर्चीत वाकून बसली होती, टाके दुखत होते तिचे. ती म्हणाली, "मध मी चाटवला, डॉक्टर. दूध मला येत नव्हतं."

डॉक्टर तिला रागावले नाहीत, पण समजावलं. ते पिवळं थेंबभर दूध बाळाचं पोट साफ करतं. पोटातली काळी शी बाहेर पडली नाही की कावीळ आत साठत जाते. त्यात बाळ उपाशी. शिकलेल्या मुलीने असं करावं, एवढं एक वाक्य म्हणाले.

ऋतुजाने मान डोलावली. मीही डोलावली. ती मान डोलावणं मला इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही. जणू मीसुद्धा तिला समजावणाऱ्यांच्या बाजूला उभा होतो.

१५ जानेवारी

काचेतून दिसते. निळ्या दिव्याखाली, डोळ्यांवर पट्टी, अंगावर लंगोटाशिवाय काही नाही. सगळं रक्त बदलावं लागेल का, ते उद्या ठरेल.

ऋतुजाने वाटीत काढलेलं दूध नर्स नळीने देते. ते आता पांढरं आहे. पिवळं होतं ते देगलूरच्या मोरीत.

आज संपादकांना फोन करून या गुरुवारी लेख येणार नाही म्हणालो. कारण विचारलं. तब्येत बरी नाही म्हणालो. कोणाची, ते सांगितलं नाही.

१६ जानेवारी

दयानंद आला. किल्लारीहून लातूर, लातूरहून नांदेड, डोळे तांबारलेले. आधी काचेपाशी गेला, बराच वेळ तिथेच उभा राहिला. मग बाकावर बसलेल्या ऋतुजापाशी येऊन हळू म्हणाला, "तू बीएड झालेली ना? फोनवर तुझी आई म्हणाली मध चाटवला म्हणून. तू चाटवलास?"

"हाव," ती म्हणाली.

"दूध पण पाजलं नाहीस?"

ती ओढणीचा काठ बोटाला गुंडाळत होती. लहानपणी पाढे चुकले की असंच करायची.

मी म्हणालो, "दयानंद, मध मी चाटवला. ती मला विचारत होती, पाजू का म्हणून. मी गंमत केली."

"काय केली?"

"गंमत."

हा शब्द उच्चारायला इतका जड असेल असं वाटलं नव्हतं. त्याने माझ्याकडे बघितलं. राग आला असता तर बरं झालं असतं. त्याला नीट कळतच नव्हतं.

"मामा, तुमचा तो लेख आमच्या शाळेच्या फळ्यावर लावलाय मी. पोरांच्या आया वाचून जातेत."

"काढून टाका."

"कशाला? लेख खरा आहे." आणि तो परत काचेपाशी गेला. 

ऋतुजा सरकली आणि बाकावर हात ठेवून म्हणाली, "अण्णा, बसा तुम्ही. सकाळपासून उभे आहात."

मी बसलो. काही वेळाने विचारलं, खोटं का बोललीस. ती म्हणाली, "डॉक्टरांनी किती कौतुकानं विचारलं होतं तुम्हाला. मला बघवलं नाही."

नंतर जाऊन डॉक्टरांनाही सांगितलं. ते म्हणाले, "कोणी चाटवला याने उपचार बदलत नाहीत, सर." 'सर' म्हणायची त्यांना गरज नव्हती.

१८ जानेवारी

रक्त बदलावं लागलं नाही. कावीळ उतरते आहे. काल पोरगी रडली. आक्काने पदर तोंडात धरला.

आज दुपारी दवाखान्याच्या आवारात, लिंबाखाली, आक्का म्हणाली, "शेषा, माझ्या पहिल्या लेकराला मी पाजलं व्हतं. झाल्या झाल्या. लई हावरं व्हतं ते. आठ दिसांत ताप येऊन गेलं. सासू म्हणली, चिकानं गेलं. तवापासून कुणाच्या बी बाळंतपणाला मी गेले, पहिलं दूध मी स्वतः पिळलंय."

मग म्हणाली, "म्हंजी ते चिकानं न्हवतं का गेलं?"

तिला एक लेकरू होतं हे मला माहीत नव्हतं. तिच्या हातच्या भाकरी खाऊन मी शिकलो, तालुकाभर सगळ्यांना प्रश्न विचारत हिंडलो. घरात एक विचारायचा राहिला.

"नव्हतं, आक्का," मी म्हणालो. या वेळी कुठल्याच पक्षाचं मत सांगितलं नाही.

तिने पदराने तोंड पुसलं. मग उठली आणि ऋतुजाची वाटी-चमचा उकळून आणायला गेली.

२२ जानेवारी, देगलूर

घरी आलो. पोरगी अंगावर पिते. ऋतुजा कोणाला विचारत नाही, मलाही नाही. बाळ कुरकुरलं की पाठ फिरवून घेते. आक्का दाराशी बसून राखण करते, विठाबाईला म्हणते, "थांब भाईर, लेकरू पितंय."

भिंतीवरचं प्रमाणपत्र मी काढलं. तिथे चौकोनी पांढरा डाग राहिला आहे, तो जास्त दिसतो.

निघताना डॉक्टर म्हणाले होते, बाळ छान आहे, काळजी करू नका. फक्त पुढच्या महिन्यात कानांची तपासणी करून घ्या. एवढी कावीळ चढली की कधी कधी कानाच्या नसेला इजा होते. होतेच असं नाही.

सिंधूने विचारलं, काय म्हणाले. मी म्हणालो, तपासणीला बोलावलंय. कशाच्या, ते तिने विचारलं नाही. डॉक्टर बोलत होते तेव्हा ऋतुजा माझ्या शेजारीच उभी होती.

२३ जानेवारी

स्वयंपाकघरात आक्काच्या हातून परात पडली. मी पाळण्यापाशी धावलो. पोरगी झोपलेली होती. झोपलेली मुलं दचकतात की नाही, हे कोणाला विचारावं? सिंधूला विचारलं असतं तर तिला कळलं असतं.

२४ जानेवारी

सकाळी लिहायला बसलो नाही. दारात उभा राहिलो. गाडी येताना दिसली तसा पुढे गेलो आणि लखनला थांबवलं.

"आवाज मोठा कर जरा."

तो बघतच राहिला. "सर, तुमचीच तक्रार हाय ना? साहेबांनी परवाच बोलून आवाज कमी करायला लावला."

"कर मोठा. इथेच थांब थोडा वेळ."

त्याने केला. विठाबाईची म्हैस दाव्याला हिसके देऊ लागली. मी आत गेलो. ऋतुजाने नुकतंच पाजलं होतं, बाळ तिच्या मांडीवर. भोंगा भिंतीतून आत येत होता, खिडकीची काच थरथरत होती. बाळ पडल्या पडल्या खिडकीच्या उजेडाकडे बघत होतं. हात हलला नाही. मान हलली नाही. याच गाडीला आईच्या पोटात लाथ मारणारं पोर.

मी वर बघितलं तेव्हा ऋतुजा बाळाकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती.

"झोपलीय ती, अण्णा," ती म्हणाली.

बाळाचे डोळे उघडे होते.

मी बाहेर येऊन लखनला हात केला, गाडी गेली. आता लिहितो ते सरळ लिहितो. माझ्या नातीला ऐकू येत नसेल अशी मला भीती वाटते. मी एक शब्द बोललो असतो तर हे झालं नसतं. ऋतुजाला हे माहीत आहे, आणि ती मला ते कधीच बोलून दाखवणार नाही.